एकच पोह्यांची प्लेट, दोन कॅमेरे: सिरीयलमधली श्रीमंती-गरिबी पकडायची कशी

माझी भाची इथेच इंदूरला मास कम्युनिकेशन करते. तिला असाइनमेंट आलं, टीव्ही मालिकेत सामाजिक वर्ग कसा दाखवतात ते चित्रीकरणाच्या अंगाने लिहा. तिने चार पानं लिहून आणली आणि चारही पानांवर नुसती स्टोरी. श्रीमंत सासू खडूस, सून चाळीतली पण गुणी, ड्रायव्हर विनोदी, मोलकरीण चुगलखोर. मी म्हटलं अगं एवढं तर आजीपण सांगेल, तुला कॅमेऱ्याचं विचारलंय. तर म्हणे मावशी, कॅमेरा कुठे दिसतो? बरोबर आहे तिचं, तो दिसू नये म्हणूनच तर सेटवर एवढी माणसं राबत असतात.

मी लग्नाआधी तीन वर्षं गोरेगावात सिरीयलच्या एडिटिंगला असिस्टंट होते, त्यामुळे थोडंफार आतून बघितलंय, आणि आता रामबागेत बसून संध्याकाळी सात ते नऊ प्रेक्षक. तिला जे शिकवलं तेच इथे लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल. तसा इंदूरच्या मराठी माणसाला एक फायदा आहे, सिरीयलमधला तो पुण्याचा बंगलापण आपला नाही आणि मुंबईची चाळपण आपली नाही, आपल्याकडे वाडे आणि मिलच्या वस्त्या, त्यामुळे थोडं लांबून बघता येतं. (आपली मराठी तर सिरीयलमध्ये कुणी बोलतच नाही, तो राग वेगळा.)

आधी क्लिप निवडा. अख्खा एपिसोड अजिबात घेऊ नका. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती काढल्या की साधारण २२ मिनिटं उरतात, त्यात कालचं थोडं, उद्याचं थोडं. तुम्हाला फक्त चार-पाच मिनिटं हवीत, आणि ती अशी की दोन वेगळ्या थरांतली माणसं एका खोलीत आहेत. मालकीण आणि कामवाली, साहेब आणि ड्रायव्हर, किंवा हीरो पहिल्यांदा हिरोइनच्या चाळीत येतो आणि दारात वाकून आत शिरतो तो सीन, तो असतोच. एकाच वर्गाची माणसं असलेला सीन घेतलात तर तुलनेला काही हाती लागत नाही.

मग तोच तुकडा चार वेळा बघायचा. ही माझी अक्कल नाही, ब्रिटनमध्ये ओसीआर नावाच्या परीक्षा बोर्डाच्या ए लेव्हल (आपल्या बारावीसारखं) मीडिया स्टडीजच्या पेपरात बरीच वर्षं हेच चालायचं, टीव्ही ड्रामाचा आधी न बघितलेला तुकडा मुलांना चार वेळा दाखवायचे, पहिल्या वेळी नुसतं बघायचं, पुढच्या वेळी नोट्स, आणि मग कॅमेरा, एडिटिंग, साउंड आणि फ्रेममधले कपडे-वस्तू-लाइट या चार गोष्टींवरून वर्ग किंवा वय किंवा प्रांत कसा उभा केलाय ते लिहायचं. मी त्यात थोडा बदल करते. पहिल्यांदा पेन बाजूला ठेवून साधं बघा आणि कोण आवडलं, कोणाची कीव आली, कोणाचं हसू आलं एवढंच लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा म्यूट. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. चौथ्यांदा पॉझ करत करत सेकंद मोजा. हे चौथं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळं सोनं त्यातच.

पण बघायचं काय? मला विचाराल तर प्रश्न एकच, कॅमेरा कोणाच्या घरचा आहे? म्हणजे कोणत्या घरात तो घरच्यासारखा वावरतो आणि कोणत्या घरात पाहुण्यासारखा येतो. पाहुणा कसा, दारात थबकतो, छताकडे बघतो, भांडी बघतो, पोपडे बघतो. घरचा माणूस भिंतीकडे कशाला बघेल? तो सरळ आईच्या तोंडाकडे बघतो. दूरदर्शनवर १९८४ ला हम लोग आलं तेव्हा कॅमेरा निम्न मध्यमवर्गीय घरातच राहायला होता, आणि १९८६ च्या नुक्कडमध्ये तर रस्त्याच्या कोपऱ्यावरचे लोक, सायकल दुरुस्तीवाला हरी, इलेक्ट्रिशियन गुरू, हेच मधोमध होते, त्यामुळे ते 'गरीब' म्हणून वेगळे काढावेच लागत नव्हते, ते नुसते हरी आणि गुरू होते. २००० नंतर हिंदी सिरीयलींमध्ये हवेल्या आल्या आणि कॅमेऱ्याने पत्ताच बदलला असं मला वाटतं, मराठीतही त्याचं वारं आलंच.

आता म्यूट करून बघा. पुस्तकात लिहिलेलं असतं की खालून घेतलेला शॉट म्हणजे माणूस ताकदवान आणि वरून घेतलेला म्हणजे दुबळा. खोटं नाही, पण एवढंच लिहून सोडलंत तर ते पाठांतर. तुम्ही बघायचं ते कॅमेऱ्याचा स्टँड किती उंचीवर आहे. सीनमध्ये मालकीण सोफ्यावर, कामवाली खाली फरशीवर भाजी निवडतेय. दोघी बोलतात. मालकिणीचा शॉट तिच्या डोळ्याच्या उंचीवरून आहे. कामवालीचा शॉट येतो तेव्हा कॅमेरा खाली तिच्या डोळ्यापर्यंत आला का, की वरच राहिला? वरच राहिला असेल तर आपण तिला मालकिणीच्या नजरेतून बघतोय. स्टँड खाली घ्यायला किती वेळ लागतो, फार नाही, पण घेतला की नाही हे लिहा.

दुसरं म्हणजे सजेशन. सेटवर ओव्हर द शोल्डरला सजेशन म्हणतात, पुढे एकाचा खांदा ब्लर आणि मागे दुसऱ्याचा चेहरा. पाच मिनिटांत कोणाचा खांदा किती वेळा आणि कोणाचा चेहरा किती वेळा ते मोजा. काही माणसं अख्ख्या सिरीयलमध्ये खांदाच असतात. किंवा नुसते हात, ट्रे घेऊन येणारे, चहा ठेवून जाणारे, मान फ्रेमच्या वर कापलेली.

तिसरं, कॅमेरा हलतो कसा. बंगल्यात जिमी (कॅमेरा टांगलेला लांब दांडा) झुंबरावरून तरंगत खाली येते, कॅमेऱ्याची ट्रॉली सोफ्याभोवती गोल फिरते, सगळं तेल घातल्यासारखं. चाळीत हातातला कॅमेरा, थोडा हललेला, मध्ये दोरीवरचे कपडे, खिडकीचे गज, दाराची चौकट, माणूस नेहमी कशाच्या तरी आडून दिसतो. भाची म्हणाली मावशी, खोली लहान आहे तर काय करतील बिचारे? हे चांगलं विचारलं तिने. पण ती खोली बहुतेक वेळा सेट असतो गं, प्लायवूडच्या भिंती, हवी तेव्हा एक भिंत काढून कॅमेरा लांब नेता येतो. भिंतीवरची ओल पण आर्टवाल्यांनी ब्रशने काढलेली. म्हणजे कोंदटपणा हा निर्णय आहे, नाइलाज नाही.

याचं एक भारी उदाहरण परदेशातलं. डाउन्टन ॲबी (२०१०) मध्ये वर लॉर्डसाहेबांचं कुटुंब आणि खाली तळघरात नोकर. वरचे दिवाणखाने खरोखरच्या हायक्लेअर कॅसलमध्ये शूट केले आणि नोकरांचं स्वयंपाकघर लंडनच्या ईलिंग स्टुडिओत सेट बांधून, कारण त्या महालातलं खरं स्वयंपाकघर तोपर्यंत आधुनिक झालेलं होतं. म्हणजे नोकर डिश घेऊन जिना चढतो ना, तो चढायला लागतो एका गावात आणि दार उघडून पोचतो दुसऱ्याच गावात, मध्ये फक्त एक कट. ही गंमत कळल्यापासून मी कुठल्याही सिरीयलमध्ये कामवाली स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली की तो कट कुठे पडतो तेच बघत बसते, घरचे वैतागतात.

लाइटबद्दल मात्र मला जरा जास्तच बोलायचंय. बंगल्यात रात्रीचे दोन वाजले तरी लख्ख, चेहऱ्यावर कुठे सावली नाही, केसांवर मागून बॅकलाइटची कड. गरिबाच्या घरी एक पिवळा बल्ब लोंबकळतोय, कोपरे काळे. बघून आपण लगेच म्हणतो बिचारे. आता खऱ्या घरात बघा. माझी मोठी मावशी नंदानगरला राहते, काका मिलमध्ये होते, ती मिल १९९१ ला बंद पडली ती हुकुमचंद, आणि कामगारांचे पैसे कधी निघाले तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये. तर मावशीच्या घरी पिवळा बल्ब शोधून सापडणार नाही. २०१५ पासून उजाला योजनेत स्वस्त एलईडी घरोघरी गेले तेव्हापासून तिच्या दोन्ही खोल्यांत ९ वॅटचे पांढरेफटक दिवे, ६५०० केल्विनवाले (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा), डोळ्यावर येतील असे. आणि पिवळा उजेड कुठे आहे, तर विजय नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये, फॉल्स सीलिंगच्या आत लपवलेला, ३००० केल्विन, पैसे देऊन मुद्दाम लावून घेतलेला. म्हणजे सिरीयलचं गणित आता बरोबर उलटं झालंय, पण पिवळा बल्ब म्हणजे गरिबी हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लाइटवाले दादा तोच लावतात आणि आपण तेच वाचतो. स्टीरिओटाइप म्हणजे हेच, वस्तुस्थिती बदलली तरी खूण तीच. तुमच्या लिखाणात असं एक जरी सापडलं, की पडद्यावर असं आणि तुमच्या ओळखीच्या घरात तसं, तर अख्ख्या निबंधाचं काम झालं समजा.

तसंच पसाऱ्याचं. मावशीच्या फळीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने, घासूनपुसून आरशासारखे, आणि तिच्यापेक्षा चकाचक घर मी अख्ख्या नात्यात बघितलं नाही. सिरीयलच्या गरीब घरात वायरी लोंबतात, निळा पिंप असतो आणि एक बादली हटकून फ्रेममध्ये. नाहीतर मग दुसरं टोक, तुळशीवृंदावन, समई, देवाच्या फोटोचा क्लोज, बासरी. गरीब पण मनाने श्रीमंत. हा पण साचाच हं, गोड आहे म्हणून सोडून देऊ नका.

आणि वस्तूंवर इतका जोर का, याचं एक कारण धंद्यातलं आहे. टीआरपी मोजणारे आणि जाहिरातवाले प्रेक्षकांचे वर्ग पाडायला एनसीसीएस नावाची पद्धत बरीच वर्षं वापरत आलेत, तिच्यात दोनच गोष्टी बघतात, घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंच्या यादीतल्या घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, कार, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए१ पासून ई३ पर्यंत १२ खाने. म्हणजे चॅनेलच्या लेखी तुम्ही कोण हे तुमच्या फ्रिजवरून ठरतं, मग पडद्यावरपण माणसाच्या आधी फ्रिज दिसला तर नवल काय. क्लिप पॉझ करून ही ११ ची यादी शेजारी ठेवून टिक मारत बघा, मजा येते.

तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐका. बंगल्यात कुकरची शिट्टी नाही, शेजाऱ्याचं भांडण नाही, फ्रिजची घरघरसुद्धा नाही, जणू पैशाने शांतता विकत मिळते. चाळीत नळ, भांडी, कुत्रं, रडणारं पोर. यातलं बरंचसं नंतर एडिटला लायब्ररीतून टाकलेलं असतं, मी स्वतः टाकलंय, कुत्रं क्रमांक चार म्हणून. १९७० च्या दशकात ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या मीडिया ग्रुपने ब्रिटिश टीव्हीच्या बातम्यांत असंच टिपलं होतं, मॅनेजर शांत ऑफिसात टेबलामागे बसून बोलतो आणि कामगाराची मुलाखत बाहेर गोंगाटात, मग कोण समजूतदार वाटणार? त्या बातम्या होत्या पण नियम इथेही लागू. मग भाषा. मालक प्रमाण मराठी अधिक इंग्रजी, कामवालीला गावाकडचा हेल, आणि ती तोंड उघडायच्या आधीच विनोदी म्युझिक. लिहिताना हेल कुठला ते ओळखायचा प्रयत्न करा. पुष्कळदा तो कुठलाच नसतो, चार जिल्ह्यांची भेळ.

आता चौथी फेरी, सेकंद. वहीत नावं लिहा आणि प्रत्येकाचा चेहरा क्लोजमध्ये एकूण किती सेकंद दिसला ते मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजा. शॉटची संख्यापण. सिरीयलमध्ये धक्का बसला की सगळ्यांच्या तोंडावरून फिरतात, आत्या, काका, जाऊबाई, धडाम धडाम धडाम. त्या रांगेत कामवालीचं तोंड येतं का? माझा अनुभव असा की आलं तर समजायचं ही आता कुठेतरी जाऊन सांगणार किंवा पैसे मागणार. नुसतं वाईट वाटलं म्हणून तिला क्लोज मिळत नाही. एका सिरीयलला (नाव नाही सांगत) मालकाच्या मृत्यूचा सीन होता, घरात पंधरा वर्षं काम केलेली बाई त्यात उभी होती आणि तिचं काम करणारी नटी खरंच सुंदर रडली होती, मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन एकत्र दिसतो त्या लांबच्या शॉटमध्ये, मागे कोपऱ्यात दिसत होतं. मी एडिटरना म्हटलं सर, हिचा एक क्लोज टाकू या का. ते म्हणाले शोध. मी सगळे रश, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज, बघितले. घेतलाच नव्हता. एडिटला बसून आपण काय कापतो त्याची चर्चा खूप होते, पण जे शूटच होत नाही ते कापावंही लागत नाही.

इथे एक ब्रेक मारते. सगळ्याच गोष्टीत कारस्थान शोधू नका. डेली सोप म्हणजे रोजचा एक एपिसोड टेलिकास्टला जातो, सेटवर वेळ नसतो, दोन-तीन कॅमेरे एकदम लावून मोकळे होतात आणि सपाट लाइट हा पुष्कळदा घाईचा लाइट असतो, श्रीमंतीचा नाही. त्यामुळे एकदा दिसलं तर नोंद करा, तीनदा दिसलं तर लिहा. आणि अदलाबदल करून बघा. मनातल्या मनात मालकिणीचा शॉट कामवालीला द्या आणि तिचा मालकिणीला. सीन चालला तर तिथे वर्गाचं काही नव्हतं. विचित्र वाटला, हसू आलं, तर तिथेच आहे ते.

अदलाबदल मनात जमत नसेल तर हातात मोबाइल घ्या, आम्ही तेच केलं. रविवारी सकाळी शेजारच्या काकूंकडे पोहे होते, इंदुरी, वरून शेव आणि जीरावन मसाला. काकूंना म्हटलं काही अभिनय करायचा नाही, फक्त प्लेट आणून टीपॉयवर ठेवायची. तीच कॉटनची साडी, तीच प्लेट, तोच हॉल.

पहिला शॉट: मोबाइल २एक्सवर (साधारण ५० एमएमच्या लेन्सच्या आसपास पडतं), सात-आठ फूट लांब, काकूंच्या डोळ्यापेक्षा किंचित खाली. खिडकी त्यांच्या बाजूला, पांढरा पडदा ओढलेला, ट्यूब बंद, पंखा बंद. कॅमेरा काकूंबरोबर हळू सरकतो, प्लेट ठेवेपर्यंत आणि ठेवल्यावर दोन सेकंद चेहऱ्यावरच राहतो.

दुसरा शॉट: अल्ट्रावाइड, अगदी जवळ, स्टुलावर उभं राहून वरून. ट्यूब चालू, एक्झॉस्ट चालू, स्वयंपाकघरात नळ सोडलेला. काकू फ्रेममध्ये येतात तेव्हा मान कापलेली, हात आणि प्लेट, आणि प्लेट टेकली की कॅमेरा काकूंना सोडून खाणाऱ्याकडे वळतो.

पहिल्या खेपेला दुसऱ्या शॉटवर काळे पट्टे फिरत होते, सगळं फुकट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्या तालात लुकलुकते, म्हणून प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं आणि फ्रेम रेट २५. व्हाइट बॅलन्स पण लॉक करा, नाहीतर मोबाइल स्वतःच रंग सुधारत बसतो आणि तुमचा प्रयोग बोंबलतो. तोपर्यंत पोहे गार झाले होते, काकांनी खाऊनही टाकले, दुसरी प्लेट भरावी लागली.

मग दोन्ही शॉट काकूंना दाखवले. पहिला बघून म्हणाल्या, छान आलाय हं, आमच्या सासूबाईंसारखी दिसतेय मी. दुसरा सुरू झाला तशा पुढे वाकल्या. "अगं ही कोण बाई? तू मला कामाला लावलंस की काय?" भाचीने तेवढ्यात वही काढली, म्हटलं लिही, हे शब्द जसेच्या तसे लिही.

लिहिण्याचं थोडक्यात सांगते. 'लो अँगल वापरला आहे, त्यामुळे ती शक्तिशाली वाटते' असं वाक्य दिसलं की खोडा. वेळ लिहा, काय केलं ते लिहा, कुणाला मिळालं आणि कुणाला नाही ते लिहा, मग अर्थ. भाचीने शेवटी असं लिहिलं: 'सव्वातीन मिनिटांच्या सीनमध्ये मालकिणीला ११ क्लोज आहेत, कामवालीला एकही नाही, ती बोलते तेव्हाही कॅमेरा मालकिणीच्या खांद्यामागून, उभ्या माणसाच्या उंचीवरून तिला बघतो, ती बसलेली असूनही. तिचं एकमेव वाक्य संपायच्या आत कट पडतो आणि मालकिणीचा वैतागलेला चेहरा येतो, म्हणजे तिने काय सांगितलं यापेक्षा त्याचा मालकिणीला किती त्रास झाला हे महत्त्वाचं ठरतं.' अशी पाच वाक्यं जमली तर चार पानांची गरज नाही.

क्लिप मात्र साध्या मंगळवार-बुधवारच्या एपिसोडमधली घ्या. लग्न, मंगळागौर, रविवारचा महाएपिसोड असलं काही घेतलंत तर सगळ्यांनाच नवे कपडे आणि सगळीकडे झेंडूची माळ, चाळ कुठली आणि बंगला कुठला तेच कळत नाही.